मामाची बाजू

हे लिहायला मी फार उशीर केला. आधी व्याही हयात होते म्हणून लिहिलं नाही. मग पत्नी आजारी होती म्हणून, आणि नंतर आता कुणाला त्याचं काय, म्हणून. कारणं मला नेहमीच चांगली सुचत आली. जन्मभर मराठीचा शिक्षक होतो.

मध्यंतरी लातूरहून नातीचा फोन आला. गणिताचा पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाली, “सगळं बरोबर आलं आजोबा. एक तेवढं मामाची बाजू झालं.”

माझ्या मुलीच्या सासरी हा वाक्प्रचार आहे. छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट चुकीची निघाली की ती ‘मामाची बाजू’. पत्ता सांगणाऱ्यानं भलत्याच गल्लीत पाठवलं, मामाची बाजू. पाऊस येणार नाही म्हणून वाळवण घातलं आणि भिजलं, मामाची बाजू.

“कोण गं हा मामा?” मी नातीला विचारलं.

“कोण की. आपलं म्हणतात.”

तो मामा कोण, हे सांगू शकणारा आता मीच उरलो आहे. आणि त्यांनी सांगितलेली बाजू बरोबर होती, हेही मला एकट्यालाच ठाऊक आहे.

त्यांचं नाव ज्ञानोबा. मूळचे औशाचे. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी नांदेडला आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर ड्रायव्हिंग स्कूल काढलं. स्कूल म्हणजे एक पत्र्याची टपरी, दोन खुर्च्या आणि एक पांढरी गाडी. सगळी वसाहत त्यांना मामा म्हणायची. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. अंगानं सडपातळ, आवाज मात्र असा की शेजारच्या गल्लीतला शिकाऊ ब्रेक मारायचा.

माझी पत्नी कमल हिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. व्यायामोपचारासाठी तिला रोज दवाखान्यात न्यावं लागे. रिक्षाच्या गचक्यांनी ती कळवळायची आणि बोलता येत नसल्यामुळे माझा दंड घट्ट धरून ठेवायची. तेव्हा मी एक जुनी गाडी विकत घेतली आणि वयाच्या साठीत मामांच्या टपरीत जाऊन उभा राहिलो.

“सायकल येती का?” त्यांनी विचारलं.

“येते.”

“मग तोल हाय. बाकी मग शिकवतो. बसा.”

शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायापाशीही एक ब्रेक असतो. त्याच्यावर शिकणाऱ्याची सगळी भिस्त असते. मामा शेजारी बसले आणि त्यांनी चक्क सीटवर मांडी घातली.

“मामा, पाय खाली घ्या ना,” मी म्हणालो.

“काहून?”

“ब्रेक...”

“तुमच्यापाशी हाय की एक. माझे पाय खाली असले की तुमी माझ्या पायानं गाडी चालवता. मला लई अनुभव हाय.”

त्या मांडीनं मला गाडी शिकवली. ती एकदाही मोडली नाही असं नाही. एकदा भाजीच्या गाड्यापाशी ती इतक्या चपळाईनं मोडली की मला कळलंही नाही. पण मामांनी लगेच पुन्हा मांडी घातली आणि म्हणाले, “ती कोथिंबीर ताजी होती, म्हून वाचवली.”

मला गाडी येऊ लागली. कमलला मी दवाखान्यात नेऊ लागलो. नंतर ती थोडी सावरली, तशी तिच्या माहेरी, मुलीकडे लातूरला, विष्णुपुरीच्या धरणावर संध्याकाळी वारा खायला, सगळीकडे नेलं. तिच्या शेवटच्या वर्षांत ती जितकी हिंडली तितकी आधीच्या सगळ्या संसारात हिंडली नव्हती. हे मामांचं देणं आहे. पुढे जे लिहायचं आहे ते वाचताना हे कुणी विसरू नये, म्हणून आधी लिहून ठेवतो.

स्कूल हा मामांचा धंदा होता. त्यांचा खरा जीव गाडीच्या आवाजात होता. त्यातही एक आवाज त्यांच्या विशेष आवडीचा: गाडी हळू चालवत वळवली की येणारा. “जोरात पळताना सगळ्याच गाड्या गोड बोलत्यात,” ते म्हणायचे. “हळू करा, वळवा, मग दुखणं सांगती.” गॅरेजात नेऊनही आवाज जात नसला की लोक मामांकडे यायचे. मामा त्यांना विष्णुपुरीकडच्या एका मोकळ्या मैदानात न्यायचे आणि तिथं एक सोहळा चालायचा.

पहिल्यांदा गाडी रिकामी करायची. छत्री, पाण्याची बाटली, आरशाला टांगलेली बाहुली, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं खाली एका चादरीवर. “आधी सामान काढा, मग आजार काढू.” मग मालकाला स्वतःच्या तोंडानं आवाज काढून दाखवायला लावायचं. यात कुणाला सूट नव्हती. एकदा एका कॉलेजचे प्राचार्य आले होते. सुटाबुटातला गंभीर माणूस. ते म्हणाले, “एक प्रकारचा कर्कश ध्वनी येतो.”

“तसा न्हाई साहेब. तोंडानं करून दाखवा.”

प्राचार्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, “कुईं.”

“येवढाच का लांबट?”

“कुईंऽऽऽ,” प्राचार्य म्हणाले. मैदानाच्या कडेला बांधलेल्या शेळ्यांनी माना वर केल्या.

“बस. स्टेअरिंगचं तेल कमी झालंय. आता तोंड पुसा.”

नंतर खरी तपासणी. काचा खाली. गाडी उभी असताना कुणीतरी स्टेअरिंग पूर्ण फिरवायचं. तेव्हाच आवाज आला तर दुखणं वरच्या अंगाला, स्टेअरिंगच्या किंवा शॉकॲब्सॉर्बरच्या बाजूला. उभ्या गाडीत काही नाही आणि चालताना टकटक आली, तर चाकाला फिरवणाऱ्या ॲक्सलचा जॉइंट. मग पहिल्या गिअरात, स्टेअरिंग पूर्ण एका अंगाला वळवून, माणूस चालतो त्या गतीनं गोल गोल फेरी. मामा बाहेरून चाकाच्या वरच्या पत्र्यावर तळहात ठेवून गाडीबरोबर चालायचे. बैल घाण्याला फिरावा तशी गाडी आणि शेजारी मामा. एरवी त्यांच्या चिमटीत सदा तपकीर असे. त्या वेळी मात्र डबी खिशात. शिंक आली तर फेरी पुन्हा पहिल्यापासून.

त्यांचं चुकायचंही. एका कापडदुकानदाराच्या गाडीला वळताना ‘धडक’ असा आवाज यायचा. मामांनी फेऱ्या मारून चाक धरून ठेवणारा खालचा आर्म बदलायला सांगितला. दुकानदारानं बदलला. आवाज तसाच. शेवटी डिकीत, जादा चाकाच्या मागे, नवसाचा नारळ सापडला. गाडी वळली की तो इकडून तिकडं जाऊन आपटायचा. दुकानदारानं डिकीत काही नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे मामांना हात झटकता आले असते. पण ते दुसऱ्या दिवशी नवा नारळ घेऊन भर दुकानात गेले. “माझं चुकलं. डिकी उघडून बगायला पायजे होती,” हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. पुढे ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत. आपल्या चुकीची त्यांना लाज वाटत नसे. मला त्या वेळी हे जरा विचित्रच वाटायचं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मामा डावं-उजवं म्हणत नसत. ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड. मी डावी म्हणालो की ते ऐकूच येत नसल्यासारखं करायचे.

“मामा, ही काय मराठी आहे? आपल्या भाषेत सरळ शब्द आहेत,” मी म्हणायचो.

“मास्तर, तुमी गाडीच्या समोर उभं ऱ्हायलं की तुमचं डावं ते तिचं उजवं. ड्रायव्हर मातर कुठून बी बगा, आपल्या जागीच बसल्याला असतोय.”

“अहो, पण क्लीनर कुठं आहे तुमच्या या छोट्या गाडीत?”

“तुमी बसलात की आज.”

मी हसायचो. पण शब्द मात्र माझेच वापरायचो. चाळीस मुलांच्या वर्गात शुद्धलेखन सुधारलेला माणूस, टपरीतला शब्द तोंडात येऊ देत नसे.

मामांना औशाला परत जायचं होतं. तिथं त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. आई लवकर गेली, या अक्कानंच त्यांना वाढवलं. तिला आता नीट दिसत नव्हतं, आणि नांदेडला यायला ती तयार नव्हती. मामा दर आठवड्याला एसटीनं जाऊन यायचे. माझे व्याही बळवंतराव लातूरच्या एका शाळेच्या कार्यकारिणीत होते. शाळेला आपल्या बसगाड्यांवर देखरेख ठेवायला जाणता माणूस हवा होता. राहायला खोलीही मिळणार होती. लातूरहून औसा म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता. मी व्याह्यांकडे मामांसाठी शब्द टाकला. बळवंतराव म्हणाले, “तुमची खात्री ना? मग माणूस पक्का समजा.”

मामांना मी हे सांगितलं, तेव्हा ते चिमटीतली तपकीर नाकाला लावायची विसरून तशीच धरून बसले. मग म्हणाले, “अक्काला आत्ताच नगं सांगायला. रोज वाट बगत बसंल.”

त्याच सुमारास माझ्या गाडीला टकटक लागली. मामांनी मैदानात फेऱ्या मारल्या. “क्लीनरकडं वळताना वाजती. म्हंजी ड्रायव्हर साइडचा जॉइंट गेला.”

“असं उलटं कसं?”

“कडेवर लेकरू घेऊन बाई वळली, तर कोणत्या पायावर तोलती ते बगा. वळताना भार भायेरच्या चाकावर येतो. बदलून घ्या. आन बदलल्यावर मला एकदा गोल फिरवून दाखवा, मगच कुठं लांब जावा. मी औशाला जाऊन येतो, अक्काला बरं न्हाई.”

मी गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं. मी त्याच्याशेजारी, गाडीकडे तोंड करून उभा होतो. “उजव्या बाजूचा जॉइंट बदलायचा,” मी शुद्ध मराठीत म्हणालो आणि माझा उजवा हात पुढं केला. “हा.”

माझा उजवा हात क्लीनर साइडला होता. त्यानं बोट पाहिलं आणि त्या बाजूचा जॉइंट बदलला.

गल्लीत वळताना टकटक पुन्हा ऐकू आली. मनात पाल चुकचुकली, पण नवीन आहे, बसेल हळूहळू, अशी मी समजूत घातली. मामा औशाहून आलेले नव्हते. आणि बळवंतराव आणि विहीणबाई माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जायचं म्हणून आमच्याकडे येऊन थांबले होते. व्याह्यांना थांबवून ठेवायचं, तेही टपरीतल्या माणसासाठी, हे मला प्रशस्त वाटलं नाही.

माहूरच्या चढावर, एका वळणात, टकटकीची कडकड झाली, जॉइंट तुटला आणि गाडीचं इंजिन नुसतंच ओरडू लागलं. गाडी पुढं जाईना. ती मागं सरकली. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, थांबलीही. पण तेवढ्यात विहीणबाईंनी घाबरून दार उघडून उडी टाकली होती. त्या दगडांवर पडल्या आणि मनगट मोडलं. मागच्या सीटवर कमल होती. तिला ना उडी मारता येत होती, ना ओरडता. ती नुसती माझ्या मानेकडं बघत होती.

बळवंतराव संतापी माणूस. मनगट धरून बसलेल्या बायकोशेजारी उभं राहून त्यांनी मला विचारलं, “गाडी न दाखवता घाटात आणलीत?”

मुलीचे सासरे. मी म्हणालो, “दाखवली होती. मामांनी सांगितली तीच बाजू बदलली.”

सगळं वाक्य एका दमात आलं. विचार करायला वेळ घेतला असता तर कदाचित आलं नसतं. पण नंतर विचार करायला मला पुष्कळ वेळ मिळाला आणि मी ते मागं घेतलं नाही. बळवंतराव म्हणाले, “असला माणूस आमच्या शाळेच्या पोरांच्या गाड्या बघणार होता.” पुढे शाळेनं दुसरा कुणीतरी नेमला. आणि लातूरच्या त्या घरात हा वाक्प्रचार रुजला.

मामा औशाहून आले, त्यांना सगळं कळलं. ते आधी माझ्याकडे आले नाहीत, गॅरेजात गेले. भंगारात पडलेला जुना जॉइंट त्यांनी हातात घेऊन फिरवून पाहिला. मग आमच्या घरी आले. कमलची चौकशी केली, विहीणबाईंच्या हाताचं विचारलं. चहा झाला.

“काढलेला जॉइंट चांगला हाय,” ते म्हणाले.

मी कपबशा गोळा करू लागलो.

“मास्तर, एक सांगा. गॅरेजात बाजू सांगताना तुमी सीटवर बसल्याले होता का बॉनेटसमोर उभे होता?”

गाडीला विचारावं तसं त्यांनी मला विचारलं. रागानं नाही. त्यांना फक्त आवाज कुठून येतो ते शोधायचं होतं.

“सीटवर,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. कमल पलंगावरून आमच्या दोघांकडे बघत होती. मग त्यांनी मान हलवली. “मग माझंच चुकलं असंल. फेरी मारताना ध्यान अक्काकडं होतं.”

नारळाच्या वेळी म्हणाले होते तसंच, पण या वेळी आवाज खाली होता. ते वसाहतीतही तसंच सांगू लागले: मास्तरच्या गाडीत माझं चुकलं. लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण ते आपली चूक कधी लपवत नसत. फेऱ्या मारून घ्यायला येणारे हळूहळू कमी झाले. त्यांनी खरंच तसं मानलं होतं की मला वाचवण्यासाठी म्हणत होते, हे मला आजही ठरवता येत नाही. मी दोन्ही प्रकारे विचार केला आहे. कोणत्याही प्रकारानं मी सुटत नाही.

माझ्याशी ते तसेच वागत राहिले. कमलला दवाखान्यात न्यायचं असलं आणि माझा डोळा आला असला, तर ते स्वतः गाडी घेऊन दारात. तिला उचलून बसवताना म्हणायचे, “वयनी, मास्तरपेक्षा मी बरा चालवतो की न्हाई?” ती तोंडाच्या एका कोपऱ्यानं हसायची. तिला हसवणारी माणसं त्या काळात फार थोडी होती.

दर आठवड्याची एसटी मात्र त्यांची सुटली नाही. अशाच एका मधल्या दिवशी, मामा नांदेडला असताना, अक्का रात्री घरात पडली. शेजाऱ्यांच्या सकाळी लक्षात आलं. तोवर उशीर झाला होता.

निरोप आला तेव्हा मी त्यांना म्हणालो, “एसटीनं जाऊ नका. मी सोडतो.”

गाडीत मामा माझ्या शेजारी पाय खाली सोडून बसले होते. लोहा गेलं, अहमदपूर आलं. मध्येच ते अक्काबद्दल थोडं बोलायचे. त्यांची पहिली ड्युटी लागली तेव्हा ती औशाच्या स्टँडवर त्यांची बस बघायला आली होती. बस फलाटाला लागली तेव्हा तिनं टायरला कुंकू लावलं आणि कंडक्टर हसला, तर त्यालाही लावलं. मग पुन्हा रस्त्याकडं बघत बसायचे.

माझ्या मनात वाक्य तयार होतं. बोललो असतो तर त्या दिवशी त्यांचं ओझं वाढलं असतं की हलकं झालं असतं, मला कळत नव्हतं. चाकूरच्या पुढं मी सुरुवात केली, “मामा, त्या माहूरच्या वेळी मी...”

“म्होरं स्पीडब्रेकर हाय,” ते म्हणाले.

होता. मी गाडी हळू केली. नंतर वाक्य पुन्हा जुळवता आलं नाही.

औशाला किल्ल्याच्या अंगाच्या एका बोळात घर होतं. दारात माणसं जमली होती. मी कोण, असं कुणीतरी विचारलं. मामा म्हणाले, “माझे इद्यार्थी हायत. साठीत शिकले. नांदेडहून आणलं मला, एक गचका बसू दिला न्हाई.” त्या प्रसंगातही त्यांना हे सांगावंसं वाटलं. लोकांनी मला पाट दिला, पाणी दिलं.

त्यानंतर मामा नांदेडला राहायला आले नाहीत. टपरी कुणाला तरी दिली, बहिणीच्या घरात राहू लागले, आणि वर्ष-दीड वर्षात तेही गेले. मला ते महिन्याभरानं कळलं. मधल्या काळात मी लातूरला किती तरी वेळा गेलो. औसा पुढं अर्ध्या तासावर होतं. गेलो नाही.

म्हणून औशाचा तो दिवसच शेवटचा. सगळं आटोपल्यावर मी निघालो तेव्हा ते बोळाच्या तोंडापर्यंत माझ्याबरोबर आले. अंगावर ओला पंचा, डोक्यावर ऊन. अरुंद जागेत गाडी वळवायची होती. ते मागं उभे राहून हातानं खुणा करत होते, आणखी, आणखी, बस. गाडी सरळ झाली. मी काच खाली केली. ते खिडकीपाशी आले आणि वाकले.

“काय मास्तर?”

त्यांनी विचारलं आणि थांबले. घाई नव्हती त्यांना. मामा, मी बॉनेटसमोर उभा होतो; मी खोटं बोललो; तुमची लातूरची जागा माझ्यामुळं गेली, आणि अक्काजवळ तुम्ही असायला हवं होतं. मला माफ करा. एवढंच होतं.

“काही नाही,” मी म्हणालो. “येतो मामा.”